पत्र्याची सासू

बाबा सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत तीन शर्ट, दोन लेंगे आणि चार-साडेचार किलो लोखंड होतं. हातोडी, पत्रा कापायची कात्री, दोन छिन्न्या, एक कानस आणि रिवेट मारायची पक्कड. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ती बॅग उघडली आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाबा, तीन महिने लेकीकडे राहायला आलात की गॅरेज टाकायला?"

"घर रिकामं सोडून आलोय. हत्यारं कोणाच्या भरवशावर ठेवू?"

टीव्ही, फ्रिज, आईची सगळी पितळी भांडी शेजाऱ्यांच्या भरवशावर चालत होती. हत्यारं मात्र नाही. काय बोलणार!

बाबांनी पस्तीस वर्षं बसच्या बॉडी बांधायच्या वर्कशॉपात पत्रा मारला. आमचं घर खडकीला. लहानपणी कुठल्याही गावाच्या स्टँडवर लाल डबा समोर येऊन उभा राहिला की चढायच्या आधी बाबा त्याच्या कुशीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हा आमच्या हातचा." मागची माणसं ओरडायची, "ओ काका, चढा की!" आणि आई दोघांनाही शांत करायची, माणसांनाही आणि बाबांनाही.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. मी आणि नवरा दोघंही इथे नोकरीत रुळलो होतो. मी ऑफिसात कॉम्प्युटरपुढे डोकं फोडत होते, तो पाणी शुद्ध करायच्या जाळ्यांवर संशोधन करत होता. बाबा खडकीत एकटे. सकाळी बुद्धवंदना, दुपारी खिचडी, संध्याकाळी खिचडीच. मला ते सहन होत नव्हतं. मी मनात पक्कं ठरवलं होतं की बाबांना तीन महिन्यांसाठी म्हणून आणायचं आणि मग इथे राहायचा पास वाढवून कायमचं इथेच ठेवून घ्यायचं. फक्त ही गोष्ट बाबांना सांगितली नव्हती.

"एकदा विचार तरी त्यांना," नवरा म्हणाला. हा माणूस दिवसाला मोजून शंभर शब्द बोलतो, त्यातले हे चार.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग काय? विचारायचंच नाही."

आता इथे एक कबूल करून टाकते. मी आणि बाबा एकाच मातीचे. नाकावर माशी बसली तर माशीचीच चूक. पहिल्या आठवड्यापासून आमचं जुंपलं. पंख्यावरून जुंपलं, भातावरून जुंपलं, लिफ्टमध्ये त्यांनी सगळ्या मजल्यांची बटणं दाबली त्यावरून जुंपलं. मी म्हणायचे मोजे घाला, ते म्हणायचे तू घाल. ऑफिसातून फोन करून विचारलं, "जेवलात का?" तर उत्तर, "नाही, उपाशी ठेवलंय तू." तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." मी दमून घरी आलेली, डोकं तापलेलं. फाडकन बोलून गेले, "तिकडे कोण आहे तुमचं आता?"

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी आंघोळीला गेले की बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते आणि बाहेर आल्यावर पुन्हा तोंड फुगवून बसत होते. माफी मागायला काय झालं होतं मला? पण नाही जमलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर बाबा घरात नाहीत. चपला नाहीत, हातोडीही नाही. माझं धाबं दणाणलं. तशीच खाली पळाले. आमच्या इमारतीच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिथल्या शेवटच्या कोपऱ्यात एका जुन्या ट्रकच्या कुशीला बाबा कान लावून उभे होते.

ट्रक म्हणजे छोटाच. पण मागे त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची एक बंद खोली बसवलेली, एक दार, एक खिडकी. तिची दशा काय वर्णावी! पांढऱ्या रंगाला जागोजाग फोड आलेले, फोड फुटून आतून पांढरी भुकटी गळत होती. खालच्या कडेला तर पत्र्याला चाळण झाली होती, बोट लावलं की बोट आत. आणि शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेले एक चिनी आजोबा, हातात नळी खोचलेल्या पिशवीतली कॉफी घेऊन आमच्या बाबांकडे टक लावून बघत होते.

"बाबा! लोकांच्या गाडीला काय करताय?"

"गप. ऐकू दे." बाबांनी पेरांनी वाजवत वाजवत अर्धी भिंत पार केली. "इथपर्यंत बोलतोय. इथून खाली मुका. वरचा पत्रा ठणठणीत आहे, खालचा वीतभर गेलाय. विचार या म्हाताऱ्याला, मीठ लागलंय का याला?"

म्हातारा बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान निघाला, ते नंतर कळलं.

मी विचारलं. त्या चिनी अंकलनी तोंडभर हसून सांगितलं की या खोलीतून ते वीस वर्षं मासे आणि बर्फ पोचवत होते. खारं पाणी खालीच साठायचं. काम सोडल्यावर त्यांनी आत दोन फळ्या ठोकल्या, गादी टाकली. आता महिन्यातून एकदा पूल ओलांडून पलीकडे मलेशियात जायचं, बायकोच्या गावी, समुद्रकाठी. बायकोचे, म्हणजे आंटींचे, गुडघे गेलेले, बसने जमत नाही, बहिणीच्या घराचा जिना चढवत नाही. ही खोली वाळूजवळ उभी केली की बहिणीच खाली येतात, पत्ते मांडतात. पण दीड महिन्यावर गाडीची तपासणी आली होती. अशी गळकी खोली पास होणार नाही. दोन गॅरेजवाले बघून गेले, दोघांनीही सांगितलं, काढून भंगारात टाका.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. बाबांनी एकच विचारलं. "म्हणजे हिचं माहेर तुटणार?"

मग त्यांनी ड्रायव्हरच्या काचेतून आत वाकून पाहिलं. समोर स्टिअरिंगच्या पलीकडे तळहाताएवढे बुद्ध बसलेले, पुढ्यात एक सुकलेलं संत्रं. बाबांनी तिथल्या तिथे हात जोडले. मागे वळून मला म्हणाले, "आपला माणूस आहे. सांग त्याला, भंगारात टाकू नको म्हणावं. मी करून देतो."

"बाबा, अहो तुम्ही..."

"सांग!"

सांगितलं. अंकलनी बाबांच्या हातातली हातोडी बघितली, दांडा घासून गुळगुळीत झालेला. मग आपली कॉफीची पिशवी बाबांच्या हातात दिली. बाबांनी नळीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चांगली आहे. पण पिशवीत?"

एवढ्यावर ठरलं.

इमारतीखाली ठोकाठोक केली असती तर शेजाऱ्यांनी आमचीच तपासणी लावली असती. अंकलच्या ओळखीतल्या कुणाची तरी यिशुनला एक रिकामी शेड होती. दुसऱ्या दिवसापासून दोघं ट्रकमध्ये बसून रोज सकाळी यिशुनला जायला लागले. एकाला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसऱ्याला चिनी आणि वाक्यागणिक शेपटीला 'लाह' लावलेलं इथलं इंग्रजी. मी म्हटलं, बोलणार काय डोंबलाचं? नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं एका भाषेत बोलून काय मोठे दिवे लावलेत?" हे मात्र त्याने त्या दिवसाचे सगळे शब्द खर्च करून सांगितलं.

आणि बाबा पालटले हो! सकाळी वंदना आटोपून, डबा घेऊन, सातच्या आत तयार. संध्याकाळी येताना केसांत पांढरी भुकटी, नखांत रेड ऑक्साइड, आणि भूक अशी की मी तिसरी पोळी वाढली तर "दे अजून एक." मोजे घाला म्हटलं तर घालत होते. तिकिटाचं नाव नाही. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आता अडकले म्हटलं! एका दुपारी त्यांच्या पिशवीतून गुपचूप पासपोर्ट काढला, ऑफिसात नेऊन त्याच्या प्रती काढल्या आणि पास वाढवायचा फॉर्म भरायला घेतला.

शनिवारी मी डबा घेऊन एमआरटीच्या ट्रेनने यिशुनला गेले. शेडमध्ये पाहते तर खोलीचा खालचा वीतभर पत्रा चारी बाजूंनी कापून काढलेला, आतला लोखंडी सांगाडा उघडा. त्याचा गंज खरवडून त्याला लाल रंगाचे हात दिलेले. बाबा गुडघ्यावर बसून त्या लोखंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवत होते, इतकं मन लावून, की बाळाला काजळ घालतायत म्हणावं. पट्टी बसली की तिच्यावर नवा पत्रा, पत्र्याला भोक, भोकात रिवेट, पक्कड दाबली की टक्. अंकल पत्रा धरून उभे.

"हे रबर कशाला?" मी विचारलं.

बाबांना हेच हवं होतं. "हे बघ. लोखंड आणि ॲल्युमिनियम म्हणजे जावा-जावा. एका घरात राहतील, पण अंगाला अंग लागलं की भांडण. त्यात वर खारं पाणी पडलं की विचारूच नको. आणि या भांडणात झिजते कोण? धाकटी. ॲल्युमिनियम. मऊ ना ती! लोखंडाला वरवर गंज चढतो, बाकी ढिम्म काही होत नाही, हिची मात्र भुकटी होते. ह्याची खोली बांधणाऱ्याने पत्रा थेट लोखंडावर ठोकला होता, वर लोखंडी स्क्रू. मग दुसरं काय होणार? म्हणून दोघींच्या मध्ये ही बसवायची."

"ही म्हणजे?"

"सासू."

"काय?"

"सासू गं! आमच्या वर्कशॉपात हिला सासूच म्हणायचे. मध्ये सासू बसली की दोघी जावा गपगुमान नांदतात. सासू न घालता पत्रा मारला तर फोरमन कानाखाली मारायचा."

मी पोट धरून हसले. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि ओरडले, "सासू!" अंकलनी लगबगीने ट्यूबची दुसरी पट्टी आणून हातात ठेवली आणि माझ्याकडे बघून अभिमानाने म्हणाले, "सासू. सासू व्हेरी इम्पॉर्टंट, लाह." मी आणखीच हसले. त्या हसण्यात अंकलना या शब्दाचा खरा अर्थ सांगायचा राहून गेला. तो राहिला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढल्या आठवड्यात मंगळवारी की बुधवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास दाराची बेल वाजली. बाबा तासाभरापूर्वी धुसफुसत आले होते, "काम बंद" एवढंच बोलले होते आणि आत्ता कुठे आंघोळीला गेले होते. दार उघडलं तर समोर अंकल. रोजची अर्धी चड्डी आणि बनियन नाही, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शेजारी काठी टेकत आंटी, त्यासुद्धा पांढऱ्या ब्लाऊजमध्ये. दोघांचे चेहरे उतरलेले. आंटींनी दोन्ही हातांत एक पांढरं पाकीट धरलं होतं. हे पाकीट मला माहीत होतं. माझ्या ऑफिसातल्या एका बाईचे वडील गेले तेव्हा सगळ्यांनी दुखवट्याचे पैसे घालून असंच पांढरं पाकीट नेलं होतं.

"सो सॉरी," आंटी म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

बाथरूमचा नळ चालू होता. मी ओरडले, "बाबा!"

"काय आहे? साबण लावतोय!" आतून आवाज आला.

जिवात जीव आला. मग मी विचारलं, "आंटी, कोण गेलं?"

अंकल हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या बाबांची सासू."

"बाबांची सासू? अहो, ती मी चौथीत असताना गेली!"

आता अंकल गोंधळले. आंटी त्यांच्याकडे बघायला लागल्या. अंकलनी बाजू मांडली. तुझे बाबा रोज सासू सासू करतात. आज दुपारी एकदम म्हणाले, सासू संपली, सासू संपली. डोळ्यांत पाणी. पक्कड टाकून दिली आणि बाहेर जाऊन बसले. मी म्हटलं, चला, एकच पत्रा राहिलाय, लावून टाकू, तर माझ्यावर ओरडले. रबरासाठी कुणी रडतं का? मला वाटलं, सासू म्हणजे आणखी काहीतरी असणार. मग मी तुझ्या नवऱ्याला फोन केला, सासू म्हणजे काय? तो म्हणाला, मदर-इन-लॉ. संपली म्हणजे काय? तो म्हणाला, फिनिश्ड. नो मोअर.

मी सावकाश मागे वळले. नवरा सोफ्यावर बसून होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी मीटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं."

"अरे, एकदा विचारायचं तरी, कुणाची सासू!"

"बाबांची सासू जिवंत आहे की नाही ते मला कुठे माहीत?"

"आपल्या लग्नात दिसली होती का तुला?"

बाबा बाहेर आले, लेंगा, बनियन, खांद्यावर टॉवेल. मी सगळं सांगितलं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग जावयाकडे, मग त्या पांढऱ्या पाकिटाकडे. आणि जे हसायला लागले! दीड वर्षात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खोलीत जाऊन त्यांनी ट्यूबचा वीतभर उरलेला तुकडा आणला आणि आंटींच्या हातात ठेवला. "सासू! ही सासू! ही संपली! सायकलवाल्याकडच्या ट्यूबा संपल्या! आणि डोळ्यांत कचरा गेला होता माझ्या!"

मी आंटींना जावा, सासू, भांडण, धाकटीचं झिजणं, सगळं इंग्रजीत समजावलं. त्यांना दोन मोठ्या जावा होत्या म्हणे, त्यामुळे फारसं समजवावं लागलं नाही. काठी टाकून त्या खुर्चीत बसल्या आणि पदर असता तर तोंडाला लावला असता इतक्या हसल्या. अंकल मात्र त्या रबराकडे रागाने बघत होते. "मी ठेवणीतला शर्ट घातला या रबरासाठी," ते म्हणाले.

चहा झाला. निघताना आंटींची नजर भिंतीवर गेली. आईचा फोटो. "ही कोण?"

"माझी आई. दीड वर्षापूर्वी गेली."

त्या काठी टेकत भिंतीपाशी गेल्या, ते पांढरं पाकीट दोन्ही हातांनी आईच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं आणि वाकल्या. मग बाबांकडे वळून परत एकदा म्हणाल्या, "सो सॉरी." या वेळी ते बरोबर माणसाला होतं. बाबांनी हात जोडले.

ते दोघं गेल्यावर नवरा कप विसळायला आत गेला. बाबा आणि मी समोरासमोर. ट्यूबचा तुकडा त्यांच्या हातातच होता, बोटांनी ताणत होते, सोडत होते.

"तुझी आई होती ना," ते म्हणाले, "ती आपल्या दोघांमधली सासू होती."

मला हसू फुटलं. किती खरं होतं ते! मी बारावीला घर सोडून निघाले होते, आईने दारात अडवलं होतं. बाबांनी माझ्या लग्नात सनईवाल्याला हाकललं, आईने परत आणलं. फोनवर बाबा ओरडायला लागले की आई रिसीव्हर काढून घ्यायची आणि म्हणायची, "ते काय म्हणतायत माहितीये का? तुझी आठवण येते म्हणतायत." आता रिसीव्हर काढून घेणारं कुणी नव्हतं.

"बाबा, मी त्या दिवशी जे बोलले ना... तिकडे कोण आहे म्हणून..."

"राहू दे."

"नाही, राहू दे नाही. चुकलं माझं." शेवटी बोलले एकदाची. आणि बोलतेच आहे तर म्हटलं सगळंच बोलावं. "आणि मी तुमचा पास वाढवायचा फॉर्म भरलाय. तुम्हाला न विचारता."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"पासपोर्ट माझ्या पिशवीतून काढलास आणि परत ठेवताना उलटा ठेवलास. हत्यारं ठेवणारा माणूस आहे मी. कुठली वस्तू कुठल्या अंगावर झोपलीय, मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पत्र्याचं काम पुरं व्हायचं होतं. भांडण झालं असतं तर मी त्याच दिवशी गेलो असतो. त्या बाईचं माहेर अडकलं असतं." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी इथे कायमचा राहिलो तर आपण रोज घासणार. आणि झिजते कोण ते तुला सांगितलंय. धाकटी. ते मला बघायचं नाही."

मी रडले. नळ वगैरे न सोडता, समोर बसून रडले. बाबांनी टॉवेल पुढे केला, तो ओला होता, त्यावरून आमचं दोन मिनिटं थोडं वाजलं, आणि मग बरं वाटलं. फॉर्म मी दुसऱ्या दिवशी फाडला.

ट्यूब रविवारी लिटिल इंडियाच्या मागच्या गल्लीत एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे मिळाली. बाबांनी हिंदीत तासभर घासाघीस करून सहा जुन्या ट्यूबा मिळवल्या. शेवटचा पत्रा बसला, रंग झाला. तपासणीच्या दिवशी दोघं म्हातारे नवे शर्ट घालून गेले आणि कागदावर शिक्का घेऊन परत आले. तपासणाऱ्या माणसाने खालच्या कडेवर हात फिरवून विचारलं म्हणे, कुणी केलं? अंकलनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी हे आम्हाला चार वेळा सांगितलं, दर वेळी तपासणारा थोडा मोठा साहेब होत गेला.

पुढच्या शनिवारी आंटी माहेरी जाऊन आल्या. बाबांसाठी त्यांनी सुक्या माशांचं एवढं मोठं पुडकं आणलं की आमचा फ्लॅट दोन दिवस खडकीच्या बाजारासारखा घमघमत होता.

बाबा ठरल्या तारखेलाच निघाले. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. अंकल हट्टाने आम्हाला ट्रकने विमानतळावर सोडायला आले. बाबा पुढे, बुद्धांसमोर. मी आणि नवरा मागे खोलीत गादीवर, नव्या पत्र्याला टेकून. विमानतळावर बॅग उचलताना ती मला फारच हलकी वाटली.

"हत्यारं?"

"त्याच्याकडे ठेवलीत."

"कोणाच्या भरवशावर..."

"त्याच्या. ऐक, छताला हात लावू देऊ नको त्याला. छत पार गेलंय. सगळं उतरवून नवं घालावं लागेल, दोन-अडीच महिन्यांचं काम. ट्रकच्या ट्यूबची चांगली जाड सासू घेऊन येतो मी तिकडनं. पुढच्या वर्षी तिकीट काढ."

अंकलना त्यातला एक शब्द कळला. "सासू! यू ब्रिंग सासू, हां!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की रांगेतल्या एका मराठी बाईने दचकून नवऱ्याकडे पाहिलं. बाबांनी हात उंचावला आणि आत गेले. मागे वळून बघणाऱ्यांतले ते नव्हेतच.

परतीच्या वाटेवर मी पुढे बसले. नाक लाल, डोळे सुजलेले. काहीतरी बोलायचं म्हणून अंकलना विचारलं, "छत खूप गळतं का हो?"

"छत?" अंकल म्हणाले. "छत ओके, लाह. व्हेरी गुड छत. पाच वर्षांपूर्वीच नवीन घातलं. पण तुझे बाबा परवा वर चढले, टकटक केली आणि म्हणाले, नो गुड, नेक्स्ट इयर मस्ट चेंज." गाडी सिग्नलला थांबली. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "तू सांग. खराब आहे का?"

मी डोळे पुसले. "हो अंकल," म्हटलं. "फार खराब आहे. बदलायलाच हवं."